बटण नसलेला चाकू

एक घडीचा चाकू मी सात वर्षे माझ्या घरातल्या लोखंडी कपाटात, मुलीच्या शाळेच्या दाखल्यांच्या फायलीखाली दडवून ठेवला होता. तो चोरीचा नव्हता. त्याचे पाते साडेतीन इंच लांब होते, मूठ लाकडी होती, आणि कायद्याच्या कोणत्याही कलमाला त्याचे वावडे नव्हते. तरीही कपाट उघडले की माझा हात त्या फायलीला वळसा घालून जाई. कारण तो चाकू मी योग्य त्या दिवशी कचेरीतल्या टेबलावर ठेवला असता, तर दामोदर भोईर या माणसाचा स्वतःच्या नजरेवरचा विश्वास शाबूत राहिला असता. मी तो ठेवला नाही. भोईरदादांविषयी काही लिहायचे तर आधी हे लिहायला हवे; नाहीतर पुढचे सारे कौतुक खोटे ठरेल.

आम्ही दोघे उल्हासनगरातल्या एका व्यापारी पेढीत कामाला होतो. परदेशातून पेचकस, पाने, पकडी, बागकामाच्या कात्र्या आणि चाकू मागवायचे व हार्डवेअरच्या दुकानांना पुरवायचे, असा पेढीचा धंदा. माल निवडून ऑर्डर देणे हे माझे काम. तो माल नियमांत बसतो की नाही हे पाहून आयातीचे कागद करणे हे भोईरदादांचे. ते माझ्याहून दहा वर्षांनी मोठे, अंबरनाथ पूर्वेच्या पालेगावचे. शर्टाच्या खिशात सहा इंची पोलादी पट्टी आणि कानावर लाल पेन्सिल, हे त्यांचे रूप. पहिल्या दिवशी मी नमस्कार केला तेव्हा ते एका चाकूचे पाते न्याहाळत होते. नमस्काराला उत्तर न देता त्यांनी तो चाकू माझ्यापुढे धरला.

"किती असंल?"

"चार इंच. अंदाजे," मी म्हणालो.

त्यांनी पट्टी लावली. पावणेचार भरले. "वाघमारे, अंदाजे बोलायचं नाय. आदी मोज, मंग बोल."

हे वाक्य पुढच्या अकरा वर्षांत मी किती वेळा ऐकले, तेवढे मात्र कधी मोजले नाही. एवढेच सांगतो की त्यातल्या बहुतेक वेळा माझे दात एकमेकांवर घट्ट बसलेले असत.

माझ्या वैतागाला कारणे होती, हे आज पश्चात्तापाच्या भरातही नाकारत नाही. चाकूच्या प्रत्येक नव्या प्रकाराचा नमुना हातात आल्याशिवाय दादा ऑर्डरच्या कागदावर लाल टिक करीत नसत. छायाचित्र चालत नसे. पुरवठादाराने पाठवलेली मापे चालत नसत. नमुना आला की ते पाते लांबीला मोजत, मग रुंदीला मोजत. मग तो चाकू वीस वेळा उघडून वीस वेळा मिटत. अंगठ्याने ढकलून उघडतो की बटण दाबताच स्प्रिंगने सटकन बाहेर येतो, हे पाहण्यासाठी एकदा पुरे झाले असते. पण एकोणीस वेळा हाताने उघडणारा चाकू विसाव्या वेळी आपोआप उघडेल अशी त्यांना आशा वाटत असावी. हे सारे एका छापील तक्त्यावर मॉडेलच्या क्रमांकासह त्याच लाल पेन्सिलीने उतरवून झाले की मगच ती लाल टिक. तोवर माझी ऑर्डर खोळंबलेली आणि माझा फोन दुकानदारांच्या शिव्यांनी तापलेला.

नियमही असे की शहाण्याने वेडे व्हावे. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पाते असेल तर शस्त्रांचा कायदा पुढे येतो. पण तो चाकू घरकामाचा, शेतीचा किंवा कारखान्याचा असेल तर तो कायदा बाजूला सरतो. माप लहान असूनही स्प्रिंगचा असेल तर कस्टमचा अधिकारी तो बाजूला काढून शंभर प्रश्न विचारतो. शिवाय माल सुटून दुकानात आला, गिऱ्हाइकाने विकत घेतला, तरी सणाच्या किंवा निवडणुकीच्या दिवसांत पोलिसांचा मनाई आदेश निघाला की तो खिशात घालून रस्त्यावर फिरता येत नाही. दादा अशा आदेशांची वर्तमानपत्रातली कात्रणे एका वहीत चिकटवून ठेवत.

आमचे शेठ सिंधी, मनाने मोठे आणि धीराने लहान. ते दर आठवड्याला दादांच्या टेबलाशी येऊन उभे राहत.

"भोईर साईं, चाकू है, तोप थोडी है. कर दो ना टिक."

"शेठ, तोप असती तर सोपं होतं. तोपेला सगलेच तोप बोलतात."

"और तुम्हारे गाव में जो कोयता लेके घूमते हैं? उसको कौन पूछता है?"

"शेतात कोयता काम करतो. तोच नाक्यावर आणा, बघा कोन कोन विचारतं. वस्तू तीच असते शेठ, जागा बदलली का तिचं नाव बदलतं."

शेठ माझ्याकडे पाहत, मी छताकडे पाहत असे. रागावले की दादांच्या बोलण्यातल्या 'ड'चा 'र' होई. "थोरा दम धरा" असे ते म्हणाले की समजावे, आज टिक मिळत नाही.

बदलापूरच्या शिरगावातले एक डॉक्टर एकदा तावातावाने आमच्याकडे आले होते. वांगणीला त्यांचे हौसेचे शेतघर होते. तिथे वापरण्यासाठी त्यांनी परदेशी संकेतस्थळावरून एक घडीचा चाकू कुरिअरने मागवला आणि तो कस्टमने अडवला. आमच्या पेढीत चाकूंचा जाणकार बसतो असे कोणीतरी त्यांना सांगितले होते. दादांनी त्यांची नोटीस वाचली, पावती वाचली, पुन्हा नोटीस वाचली. डॉक्टरांनी घड्याळ पाहिले.

"कशाला मागवला हा?" दादांनी विचारले.

"आंबे कापायला. फांद्या छाटायला. माझी बाग आहे तिथे."

"मंग पावतीवर शिकार का लिवलंय?"

"ते मी नाही लिहिलं. त्या कंपनीनं लिहिलंय. ते काहीही लिहितात, माल खपावा म्हणून."

"डॉक्टर, तुमच्या दवाखान्यात कोन आला नि कागदावर हार्टचा झटका लिवलेला असला, तर तुम्ही त्याला खोकल्याचं औषध द्याल का? तसा तो साहेब. त्याला तुमचा आंबा दिसत नाय, कागद दिसतो."

डॉक्टर वरमले. मग दादांनी पाऊण तास बसून त्यांच्यासाठी उत्तर लिहून दिले: चाकूचे माप काय, तो कसा उघडतो, तो कशासाठी हवा आहे, बाग कुठे आहे. सोबत सातबाऱ्याची प्रत जोडायला सांगितली. आपल्या चाकूला सातबारा लागतो हे ऐकून डॉक्टरांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, तिच्यात मला माझा सख्खा भाऊ दिसला. तीन आठवड्यांनी दंडाशिवाय चाकू सुटला. डॉक्टर पेढे घेऊन आले. दादांनी पेढा तोंडात टाकला आणि चाकूचे पाते पुन्हा मोजले.

हा छंद कुठून आला, ते मी एकदाच विचारले. पेढीच्या अंबरनाथच्या गोदामाबाहेर चहा पीत होतो. पालेगावच्या बाजूने नव्या इमारतींचे सांगाडे दिसत होते. दादा म्हणाले, "तिथं आमचा बांध होता. शेजाऱ्याशी वाद झाला. माझा बाप भोला मानूस. पंचांनी विचारलं, तुझं शेत कुठवर? तो बोलला, त्या जांभलीपर्यंत, अंदाजे. त्या अंदाजेनं आमचा बांध खाल्ला. मी नऊ वर्षांचा व्हतो, बाजूलाच उभा व्हतो. तवा हातात पट्टी असती तर." उरलेला चहा त्यांनी मातीत ओतून दिला. त्यानंतर महिनाभर मी त्यांच्यावर चिडलो नाही. मग पुन्हा चिडू लागलो.

आता माझ्या अपराधाकडे येतो.

त्या वर्षी दिवाळीपूर्वी दुकानदारांकडून लाकडी मुठीच्या घडीच्या चाकूला मोठी मागणी आली. मी नमुना मागवला, दादांनी तो मोजला, वीस वेळा उघडला, तक्ता भरला, लाल टिक केली. इतके सुरळीत काम आमच्यात क्वचितच होई. चार दिवसांनी पुरवठादाराचा निरोप आला: ते मॉडेल संपले आहे; त्याच क्रमांकाचे पुढचे मॉडेल देतो, फक्त शेवटी 'बी' हे अक्षर; माप तेच, मूठ तीच, उघडायला अधिक सोपे. हा निरोप दादांना दाखवला असता तर नवा नमुना, नवा तक्ता, पुन्हा वीस वेळा उघडझाप. दिवाळी निघून गेली असती. मी स्वतःशी म्हणालो, माप तर तेच आहे. 'उघडायला अधिक सोपे' हे तीन शब्द मी वाचले आणि वाचले नाहीत असे केले. दादा जेवायला गेले होते. त्यांची लाल पेन्सिल टेबलावर होती. मी त्यांनी भरलेल्या तक्त्यावर मॉडेलच्या क्रमांकापुढे एक 'बी' वाढवला आणि तो तक्ता नव्या ऑर्डरला जोडला. एकच अक्षर.  

माल बंदरावर आला आणि अडकला. आमच्या कागदावर 'हाताने उघडणारे चाकू' असे लिहिले होते. पेटीतला प्रत्येक चाकू मुठीतले बारीक बटण दाबताच स्प्रिंगने उघडत होता. कागदावर एक आणि मालात दुसरे, याहून मोठा गुन्हा त्या दुनियेत नाही. सगळा माल जप्त झाला. कस्टममधून आमचा माल सोडवणाऱ्या क्लिअरिंग एजंटाने त्यातल्या एका चाकूची छायाचित्रे पाठवली. शेठनी ती आणि दादांचा तक्ता शेजारी शेजारी ठेवून सर्वांसमोर विचारले, "भोईर, ये बटण तुमको दिखा नहीं? बीस बार खोलते हो ना?"

दादांनी तक्ता हातात घेतला. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. "अक्षर माझंच दिसतंय," ते म्हणाले. "टिक माझीच हाय." मग माझ्याकडे वळून अगदी हळू विचारले, "वाघमारे, तो नमुना कुठं हाय? एकदा मना बघूं दे."

नमुना माझ्या टेबलाच्या खणात, डब्याच्या पिशवीखाली होता. मी म्हणालो, "पुरवठादाराला परत पाठवला, दादा."

त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. मी कधी खोटे बोलतो, हे त्यांनी कधी मोजलेच नव्हते. शेठ जाताना एवढेच म्हणाले, "साईं, आँख दिखा लो डॉक्टर को." आवाजात राग कमी आणि कीव जास्त होती. तीच दादांना अधिक लागली असावी.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या टेबलाशी आले. खिशातली पोलादी पट्टी काढली, कानावरची लाल पेन्सिल काढली, दोन्ही माझ्यापुढे ठेवली. "आता तू बघ. माझ्या नजरेला बटण दिसत नाय." शेठनी त्यांना कामावरून काढले नव्हते, दादांनी स्वतःच अंबरनाथच्या गोदामात बदली मागून घेतली. तिथे ते निवृत्तीपर्यंत दोन वर्षे खोकी उतरवून घेत राहिले. चष्म्याचा नंबर दोनदा तपासून घेतला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सगळे ठीक असल्याचे सांगितले, तेव्हा म्हणे ते म्हणाले, "डोले ठीक असतील. बघनाराच गेलाय." मी त्या दिवशी नमुना पिशवीत घालून घरी नेला, आणि तो कपाटात गेला.

मी बोललो का नाही, याची कारणे मी अनेकदा मांडून पाहिली. मुलीचे शिक्षण, नोकरी, वय. सगळी खरी आहेत आणि एकही पुरेसे नाही. त्यांच्या जागेवर मी बसलो आणि विचित्र गोष्ट घडली: मी दादांसारखाच वागू लागलो. नमुन्याशिवाय टिक नाही. लांबी, रुंदी, वीस वेळा उघडझाप. पुरवठादाराने एखादे अक्षर बदलले तरी नवा तक्ता. आता ऑर्डर देणारी तरुण मंडळी माझ्याकडे बघून दात घट्ट मिटतात, आणि शेठ म्हणतात, "एक भोईर गया, दूसरा बैठ गया." ते हसत म्हणतात. मी मान खाली घालून पाते मोजतो. त्या कामात भीती किती आणि प्रामाणिकपणा किती, हे मला सांगता येणार नाही.

गेल्या महिन्यात दादांच्या मुलीचा, सुनंदाचा, फोन आला. ती बदलापूरला शाळेत शिकवते. "काका, तुम्ही बाबांशी बोलाल का? आमच्या पालेगावच्या उरलेल्या जागेची शनिवारी मोजणी आहे. भावकीतले सगळे येणार. बाबा म्हणतात, मी येत नाही, तुम्हीच बघा, मला दिसत नाही. काका, ते रोज वर्तमानपत्रातली बारीक अक्षरं चष्म्याशिवाय वाचतात."

"काय म्हणाले नक्की?" मी विचारले.

"म्हणाले, माझ्या टिकवर शेठचा माल बुडाला, आता जागा बुडवू का? ज्यांनी आयुष्यभर आम्हाला बांधाची गोष्ट सांगितली, ते असं म्हणतात. तुम्ही त्यांचे जुने सोबती. तुमचं ऐकतील."

मी फोन ठेवला. मी त्या माणसाकडून एक नोकरी घेतली असे इतकी वर्षे समजत होतो. मी त्यांच्याकडून ती बापाशेजारी उभ्या असलेल्या नऊ वर्षांच्या मुलाची गोष्टच काढून घेतली होती.

साडेपाचला येतो असे दादांना कळवून शुक्रवारी संध्याकाळी पालेगावला गेलो. दादा घराच्या ओट्यावर बसले होते, केस पांढरे, पाठ अजून ताठ. सुनंदा आत चहा करीत होती. "ये वाघमारे," ते म्हणाले. "उशीर झाला तुला. साडेपाच बोलला व्हतास, पावणेसहा झाले." मी खिशातून तो चाकू आणि ती पोलादी पट्टी काढून त्यांच्या शेजारी ओट्यावर ठेवली.

त्यांनी आधी पट्टी उचलली, अंगठ्याने पुसली. मग चाकू. मी तोंड उघडले तेव्हा त्यांनी हात वर केला. "थोरा दम धर." पाते उघडून लांबीला मोजले. साडेतीन. रुंदीला मोजले. मग मिटले, उघडले, मिटले, उघडले. देवाशपथ सांगतो, त्या क्षणीसुद्धा माझ्या मनात तो जुना वैताग उठला: दादा, पुरे आता. ते थांबले नाहीत. मुठीवरून बोट फिरवले, खालून, वरून, खिळ्याजवळून. विसाव्या वेळी चाकू मिटून त्यांनी तो गुडघ्यावर ठेवला.

"याला बटण नाय," ते म्हणाले.

"नाही, दादा."

"हा तर मी बघितलेला. ही मुठीवरची गाठ मना आठवते. हाच." त्यांचा आवाज खाली आला. "मंग ते बटण कुठनं आलं?"

सुनंदा चहाचे कप घेऊन दारात आली होती. ती आत जाईपर्यंत थांबावे असा मोह झाला. सात वर्षे मी असाच कोणी ना कोणी आत जाण्याची वाट पाहत आलो होतो. मी उठून उभा राहिलो आणि तिलाही ऐकू जाईल अशा आवाजात बोललो.

"दादा, तुम्ही जे पाहिलं ते बरोबर पाहिलं होतं. तुमच्या नजरेत कधीच काही चुकलं नाही. माल मी बदलू दिला आणि तुम्हाला सांगितलं नाही. तुमच्या तक्त्यावरचा तो 'बी' तुमच्या पेन्सिलीने मी लिहिला. नमुना परत पाठवला म्हणालो, ते खोटं होतं. तो माझ्या खणात होता. तुम्ही सगळ्यांसमोर मान खाली घातलीत, तेव्हा मी शेजारी उभा राहून बघत होतो. सोमवारी शेठसमोरही हेच सांगणार आहे. उद्या मोजणीला या, दादा, ही पट्टी घेऊन या. माझं चुकलं. मला माफ करा."